तीन सेकंदांची वाट

मित्रांनो, माझं एक व्यंग आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कुणी बोट दाखवायला नको. माझा काटा सतराव्या सेकंदापाशी किंचित अडखळतो. उंबऱ्याला पाय लागावा, सावरावं आणि पुढे चालू लागावं, तसा. बाकी मी ठणठणीत आहे. मी एक जुनं, किल्लीचं स्टॉपवॉच आहे. डोक्यावर एक बटण, पाठीवर तीन ओरखडे आणि गळ्यात निळी दोरी, एवढाच माझा साजशृंगार. पण स्टॉपवॉच म्हणून मला कुणी हाक मारत नाही. घरात माझं नाव टिकटिकी. लाडाचं नाव मिळालं की वस्तूही जरा माणसांत येते, म्हणून मीही स्वतःला टिकटिकीच समजते.

माझा जन्म एका लांबलचक खोलीत झाला. खिडक्यांना बारीक जाळ्या होत्या आणि माणसं डोळ्याला भिंग लावून श्वास रोखून बसलेली असायची. एकाने केसाहून बारीक स्प्रिंग चिमट्याने उचलून माझ्या पोटात बसवली. दुसऱ्याने दातेरी चाकं जुळवली. शेवटी एका म्हाताऱ्या कारागिराने मला कानाशी धरलं, डोळे मिटले आणि तो म्हणाला, "ही बोलकी आहे." ती माझी पहिली शाबासकी.

पेटीतून निघाले ती थेट एका शाळेच्या मैदानावर. माझे पहिले मालक धावण्याचे मास्तर होते. उंच, सडपातळ, आणि आवाज असा की मैदानाच्या टोकाला कलंडून उभी असलेली सायकलसुद्धा सरळ व्हावी. मास्तरांची एक खोड होती. बाकीचे शिक्षक शर्यत संपली की वेळ बघत. मास्तर मात्र मैदानाच्या एका फेरीचे चार तुकडे करत आणि प्रत्येक तुकड्याची वेळ वहीत वेगळी लिहीत. एखादा मुलगा धापा टाकत यायचा आणि म्हणायचा, "सर, मी शेवटी शेवटी दमतो."

मास्तर वही त्याच्या नाकासमोर धरत. "शेवटी नाही रे बाबा. तू पहिल्या वळणावर उगाच बाहेरून पळतोस. हे बघ, दोन सेकंद इथे सांडलेत. शेवटी दमतोस तो सांडलेलं गोळा करताना."

दोन फेऱ्यांच्या मध्ये ते मुलांना विश्रांती देत. तीही माझ्यावर मोजून, बरोबर तीन मिनिटं. मुलं पळत असली की माझा काटा रोज वेगळ्या जागी थांबायचा. कधी वारा समोरून असायचा, कधी कुणाची झोप झालेली नसायची. विश्रांतीला मात्र काटा दररोज एकाच जागी येऊन थांबायचा. मित्रांनो, ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे आपल्याला तिचा फार उपयोग होणार आहे.

मास्तरांना दोन मुली. थोरली वाऱ्यासारखी पळायची. धाकटी पळायला लागली की मीच कंटाळायचे! दर शर्यतीत ती शेवटची. एकदा ती पायऱ्यांवर बसून मुसमुसत होती. मास्तर शेजारी बसले, त्यांनी माझी निळी दोरी तिच्या गळ्यात घातली आणि म्हणाले, "पळणारे पुष्कळ आहेत गं. नीट मोजणारं कुणी नाही. बसतेस माझ्यापाशी?"

धाकटी बसली. तेव्हापासून मी तिची झाले. आता तिचे केस पांढरे झालेत, गुडघे कुरकुरतात, नात तिला आजी म्हणते. पण मी तिला अजूनही धाकटीच म्हणते. पहिली ओळख काही पुसत नाही.

धाकटी शिकली आणि संगणकाच्या कामाला लागली. तेव्हाचे संगणक कपाटाएवढे असत. त्यांच्यासाठी खोली गार ठेवायची आणि माणसांनी स्वेटर घालून बसायचं, असा तो थाट. कार्यालयात धाकटीच्या गळ्यात मी दिसले की सगळे हसत. एक जण म्हणाला, "अहो, संगणकाच्या पोटात घड्याळ असतं. हे काय आणलंय माहेराहून?"

"असू दे की," धाकटी म्हणाली. "पोटातलं घड्याळ यंत्राला किती वेळ लागला ते सांगतं. समोर ताटकळणाऱ्या माणसाला किती लागला, ते ही टिकटिकी सांगते."

तिचं काम ऐकायला रुक्ष वाटेल, पण मला ते मैदानासारखंच वाटायचं. कुठलाही प्रोग्राम हळू चालतो अशी तक्रार आली की धाकटी जायची. तिथे प्रत्येकाचा एक ठरलेला संशय असायचा. कुणी यंत्राला नावं ठेवायचं, कुणी तारांना, कुणी शेजारच्या विभागाला. धाकटी कुणाशी वाद घालायची नाही. ती खुर्ची ओढून बसायची, माझं बटण दाबायची, आणि त्या कामाचे तुकडे पाडून एकेकाची वेळ लिहायची. बाटलीतून पाणी ओतताना ते अडतं कुठे? मानेत. मग बूड कितीही रुंद केलं तरी काय उपयोग? धाकटी मान शोधायची. ती सापडली की इतकी खूश व्हायची की मला हवेत उडवून झेलायची. पाठीवरच्या तीन ओरखड्यांपैकी दोन त्या आनंदाचे आहेत.

त्याच सुमाराला तिला गावच्या मोठ्या ग्रंथालयाचा प्रोग्राम लिहायचं काम मिळालं. कार्ड दाखवायचं, पुस्तक दाखवायचं, की नोंद व्हायची आणि छोट्या प्रिंटरमधून चिठ्ठी निघायची. पुस्तक नेताना एक चिठ्ठी, परत करताना एक. देवघेवीच्या काउंटरवर तेव्हा एक तरुण गृहस्थ बसत. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर तारखेचा शिक्का ते इतक्या जोरात मारत की शेजारच्या दालनातले वाचक दचकत. त्यांना सगळे शिक्केकाका म्हणत.

प्रोग्राम सुरू झाला आणि दुसऱ्याच दिवशी शिक्केकाका हातात फाटक्या चिठ्ठ्यांचा गुंता घेऊन आले. "ताई, तुमचा प्रोग्राम चपळ आहे, पण आमचा प्रिंटर बिचारा म्हातारा. पहिली चिठ्ठी बाहेर यायच्या आत दुसरी पाठवता. त्याच्या घशात अडकतं सगळं."

धाकटीने मला बाहेर काढलं. एका चिठ्ठीला किती वेळ लागतो ते वीस वेळा मोजलं. जास्तीत जास्त वेळ घेतला तेव्हाही माझा काटा तीनच्या आत होता. मग तिने प्रोग्राममध्ये दोन ओळी वाढवल्या. प्रत्येक चिठ्ठीनंतर तीन सेकंद थांबायचं, आणि एकाचं आटपल्याशिवाय दुसऱ्याला सुरुवात करू द्यायची नाही. प्रिंटर खूश, शिक्केकाका खूश. त्या तीन सेकंदांत त्यांचा शिक्का धाडकन पडायचा, त्यामुळे कुणी थांबलंय असं कुणाला वाटायचंच नाही.

वर्षं गेली, मित्रांनो. मास्तर गेले. धाकटी निवृत्त झाली. सगळ्यांच्या हातात फोन आले आणि प्रत्येक फोनमध्ये माझी एक गुळगुळीत, अडखळत नसलेली बहीण आली. मला मेजाच्या खालच्या कप्प्यात जागा मिळाली. सोबतीला एक सुकलेलं पेन, कुठल्याच कुलपाची नसलेली एक किल्ली आणि अर्धा खोडरबर. खोटं कशाला बोलू, मला वाईट वाटायचं. किल्ली दिली नाही की आमच्या पोटातलं तेल घट्ट होतं. सतराव्या सेकंदाची ठेच मला त्याच अंधारात लागली.

मग एका शनिवारी संध्याकाळी कप्पा धाडकन उघडला आणि धाकटीची नात आत डोकावली. ही मुलगी एका जागी दोन मिनिटं टिकत नाही, म्हणून तिचं नाव भिंगरी. ती खोडरबर शोधत होती, आणि रडत होती.

"काय झालं गं?" धाकटी स्वयंपाकघरातून हात पुसत आली.

"आजी, ग्रंथालयात आजपण तिसरा भाग नाही मिळाला! माझ्यापुढे फक्त बारा जण होते आणि घंटा वाजली. दुसऱ्या भागाच्या शेवटी जहाज बुडतंय आणि कुत्रा डोलकाठीवर चढून बसलाय. तीन आठवडे झाले, आजी. तीन आठवडे तो तिथेच आहे!"

"अगं, मग पुढच्या शनिवारी लवकर जाऊन उभी राहा."

"पुढच्या महिन्यापासून शनिवारी पुस्तकं घरी देणारच नाहीयेत. फळ्यावर लिहिलंय. मुलांनी तिथेच बसून वाचायचं म्हणे. आणि एकच पुस्तक आम्ही सगळे जण एकदम कसं वाचणार?"

धाकटीची नजर उघड्या कप्प्यात गेली होती. तिने मला उचललं, किल्ली दिली, बटण दाबलं. मी सुरू झाले. सतराव्या सेकंदाला ठेचकाळले, आणि चालू लागले. धाकटी हसली. "माझ्या गुडघ्यासारखं झालंय हिचं," ती म्हणाली. "चल भिंगरे, वही घे. पुढच्या शनिवारी आपण पुस्तकं आणायला नाही, मोजायला जायचं."

महिन्याचे तीन शनिवार उरले होते.

ग्रंथालय आता खूप मोठं झालं होतं. जवळच दोन नव्या शाळा निघाल्या होत्या. शनिवारी चार ते सहा ही मुलांची वेळ, आणि रांग दारातून बाहेर, पायऱ्या उतरून, सायकलींच्या पलीकडे गेलेली. दोनशे मुलं! पूर्वी एका मुलाला दोनच पुस्तकं मिळत, आता पाच. काउंटरवर तेच शिक्केकाका होते, फक्त डोक्यावर चांदी चढलेली. आता तारीख फोनवर जात होती, त्यामुळे शिक्का कधीच गेला होता. काका रिकामे हात काउंटरवर ठेवून पडद्याकडे बघत बसले होते.

"ताई! अहो, किती वर्षांनी! या, या. बघा काय दशा झालीय."

ग्रंथपालबाई नव्या होत्या आणि वैतागलेल्या होत्या. "मला मुलांचा राग नाही हो," त्या म्हणाल्या. "पण सहाला घंटा वाजली की ऐंशी मुलं रिकाम्या हातांनी परत जातात. त्यांतली निम्मी रडतात आणि निम्म्यांचे आईबाप माझ्या टेबलापाशी येतात. मी काय काय केलं नाही? मोठा संगणक आणला, तरी तेच. दुसरं काउंटर उघडलं, तरी रांग तितकीच. खरं सांगू? मुलंच वेंधळी आहेत. कार्ड शोधत बसतात."

"असेल," धाकटी म्हणाली. "मोजून बघू."

ती शिक्केकाकांच्या शेजारी स्टुलावर बसली. मी तिच्या तळहातात. भिंगरी जमिनीवर मांडी घालून वहीत लिहायला. मास्तरांसारखेच तुकडे पाडले. कार्ड शोधायला किती, कार्ड दाखवल्यापासून नाव दिसेपर्यंत किती, आणि मग एकेका पुस्तकाला किती. किती वर्षांनी माझं बटण असं धडाधड दाबलं जात होतं! पोटातली चाकं गाऊ लागली म्हणा ना.

सहाला घंटा वाजली तेव्हा वही भरली होती. एका मुलाला एक मिनिट. त्यात मुलांचं कार्ड शोधणं जवळपास नव्हतंच. पुढच्याचं काम चालू असतानाच मागची मुलं कार्ड काढून तयार असायची. ग्रंथपालबाईंनी वही बघितली आणि त्या जरा ओशाळल्या. कार्ड दाखवल्यावर नाव दिसायलाच वीस सेकंद जात होते. उरलेले चाळीस पुस्तकांना, परत दिलेली पाच आणि नवी पाच मिळून.

"वीस सेकंद काय करतोय हा?" शिक्केकाकांनी पडद्याकडे बोट केलं.

दोन दिवसांनी धाकटीने आपला जुना प्रोग्राम उघडून बघितला आणि काकांना समजावलं. "काका, समजा कुणी तुम्हाला विचारलं, या मुलीकडे आपलं काय राहिलंय, तर तुम्ही काय कराल?"

"तिचं पान उघडेन."

"हा पान उघडत नाही. ग्रंथालयाच्या पहिल्या दिवसापासूनची प्रत्येक नोंद वाचतो. वीस लाख नोंदी. पुढचा मुलगा आला की पुन्हा पहिल्यापासून."

"अरे देवा! कुणी लिहिलंय हे?"

"मी."

"छान लिहिलंय हो," काका गंभीरपणे म्हणाले, आणि दोघंही खो खो हसत सुटली.

तेव्हा नोंदी होत्या दोन हजार. डोळ्याचं पातं लवायच्या आत वाचून व्हायच्या. ग्रंथालयात प्रत्येक पुस्तकाची सूची होती, फक्त संगणकाच्या आत, कुणाचं पान कुठे ते सांगणारी सभासदांची सूची नव्हती. धाकटीने ती करून दिली. वीस सेकंदांचं काम मला मोजताच येईना. बटण दाबून सोडेपर्यंत नाव पडद्यावर!

दुसऱ्या शनिवारी रांग अशी सरकली की मुलं ओरडायलाच लागली. भिंगरीने मात्र एक अट स्वतःला घालून घेतली होती. "मी शेवटची उभी राहणार. शेवटच्याला पुस्तक मिळालं तरच खरं." आपल्या पणजोबांना तिने पाहिलेलं नाही, पण हट्ट अगदी तोच. धाकटी लिहीतही होती आणि मोजतही होती. साडेपाच झाले. पावणेसहा. रांग पायऱ्यांच्या वर आली, दारात आली, दाराच्या आत आली. आणि घंटा वाजली.

वीस मुलं राहिली होती. सर्वांत मागे भिंगरी.

"ताई, तुम्ही खूप केलंत," ग्रंथपालबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात खरंच आदर होता. "पण ऐंशी नाही तर वीस, कुणीतरी रडणारच. कुणाला मिळणार आणि कुणाला नाही, हे मी घंटेवर नाही सोडू शकत. फळ्यावरची सूचना तशीच राहू दे."

घरी येताना भिंगरी रडली नाही. ते जास्त वाईट होतं. घरी पोचल्यावर ती एवढंच म्हणाली, "कुत्रा अजून तिथेच."

रविवारी सकाळी दोघी वही घेऊन बसल्या. मी टेबलावर, चहाच्या कपाशेजारी. धाकटी पानं उलटत पहिल्या शनिवारपाशी आली आणि तिचा चष्मा नाकावर घसरला.

"भिंगरे, हे काय? या रकान्यात एकदाच तीन लिहिलंयस आणि खाली सगळीकडे नुसत्या दोन रेघा?"

"मग काय करू? लिहून लिहून हात दुखला."

"कितीही दुखला तरी प्रत्येक आकडा लिहायचा. मोजणं म्हणजे काय थट्टा आहे?"

"अगं आजी, पण तीनच येत होते! पुस्तक दाखवलं की एक सेकंद, आणि मग 'थांबा' असं दिसायचं ते तीन. जाड पुस्तक तीन, बारकं पुस्तक तीन, त्या चष्मेवाल्याचं तीन, माझ्या मैत्रिणीचं तीन. तीन, तीन, तीन! मी काय कविता लिहू?"

धाकटीने कालचं स्वतःचं पान काढलं. तिथेही तीन. मग तिने माझ्याकडे संशयाने पाहिलं. मित्रांनो, त्या नजरेनं मला काय वाटलं, काय सांगू! "टिकटिकी अडखळते हल्ली," ती पुटपुटली. "तीनपाशीही अडकत असेल." सोमवारी ती ग्रंथालयात गेली आणि माझ्या त्या गुळगुळीत बहिणीवर, म्हणजे फोनवर, मोजून आली. तीन. माझी अब्रू वाचली.

मला तर सगळं आठवत होतं. फाटक्या चिठ्ठ्यांचा गुंता, म्हातारा प्रिंटर, सगळं. पण आम्हाला बोलता कुठे येतं? आम्ही फक्त दाखवू शकतो. पाहायचं की नाही, हे हातात धरणाऱ्याने ठरवायचं.

धाकटी काउंटरपाशी कितीतरी वेळ नुसती उभी राहिली. अंगठा माझ्या बटणावर. मग तिने मला सुरू केलं, थांबवलं. पुन्हा सुरू केलं, थांबवलं. काटा पुन्हा पुन्हा त्याच जागी. आणि तिच्या चेहऱ्यावर मला मैदानावरचं ते जुनं ऊन दिसलं.

"विश्रांती," ती म्हणाली.

"बसा ना मग. चहा सांगू?" शिक्केकाका म्हणाले.

"मी नाही हो. हा! हा विश्रांती घेतोय!" तिने पडद्यावर बोट आपटलं. "काका, माझ्या वडिलांच्या वहीत कुठल्याही मुलाची वेळ दोन दिवस सारखी नसायची. काम कधी इतकं नेमकं नसतं. नेमकं असतं ते फक्त वाट पाहणं. कुणीतरी याला सांगून ठेवलंय, तीन सेकंद थांब म्हणून. म्हणून तर मोठा संगणक आणून काही झालं नाही. वाट बघायला चपळ माणसालाही तेवढाच वेळ लागतो!"

"पण थांबायला सांगितलं कुणी?"

धाकटीने प्रोग्राम उघडला. ओळींमागून ओळी वर सरकत गेल्या. मग एका जागी ती थबकली. प्रोग्राम लिहिणारी माणसं मध्ये मध्ये स्वतःसाठी टिपण लिहून ठेवतात. तिथे एक टिपण होतं, शेजारी तीस वर्षांपूर्वीची तारीख आणि तिचंच नाव. 'प्रिंटर दमतो. त्याला तीन सेकंद बसू दे. एका वेळी एकच.'

धाकटी हसायला लागली. इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते पाणी सगळंच हसण्याचं नव्हतं. तिच्याच दोन ओळींनी भिंगरीला महिनाभर दारातून परत पाठवलं होतं.

"काका, तुमचा तो प्रिंटर कुठे आहे?"

"तो? अहो, त्याला भंगारात देऊन आठ वर्षं झाली."

"आणि माझा प्रोग्राम अजून त्याच्यासाठी थांबतोय. प्रत्येक पुस्तकाला. तुम्ही दुसरं काउंटर उघडलंत, तेही याच दारात अडकलं. एका वेळी एकच! ग्रंथपालबाईंना सांगते, चोर सापडला. मीच."

शिक्केकाका म्हणाले, "तसं असेल तर अर्धी चोरी माझी. चिठ्ठ्यांचा गुंता घेऊन मीच आलो होतो तुमच्याकडे. जोडीनं जाऊ."

दोघं जोडीनं गेली. वर्गाबाहेर उभी केलेली दोन मुलं असावीत तशी टेबलासमोर उभी राहिली. धाकटीने काही लपवलं नाही, स्वतःवर पांघरूण घातलं नाही. ग्रंथपालबाईंनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे मी मुलांना वेंधळी म्हणत होते, तेव्हा आपण एका प्रिंटरच्या आठवणीत थांबलो होतो?"

"हो."

"मग एक शनिवार आहे अजून," बाई म्हणाल्या. "सूचना फळ्यावर राहील. रांग संपली तर मी स्वतः पुसेन."

पण धाकटी उतावळी नव्हती. ओळी पुसायच्या आधी तिने प्रोग्रामची नक्कल करून ठेवली. त्या तीन सेकंदांना टेकून दुसरं काही उभं नाही ना, ते तपासलं. ग्रंथालयाच्या सुट्टीच्या दिवशी शिक्केकाकांना बसवून दोनशे खोट्या नोंदी करवून घेतल्या. काकांनी त्यांतली निम्मी पुस्तकं स्वतःच्या नावावर घेतली आणि सगळी वेळेत परत केल्याबद्दल स्वतःचं अभिनंदनही केलं.

शेवटचा शनिवार उजाडला. चार वाजता दार उघडलं. भिंगरी अर्थातच सगळ्यांच्या मागे, आणि आज मी तिच्या गळ्यात. तिने बटण दाबलं आणि मी निघाले.

मित्रांनो, त्या दिवशी रांग चालत नव्हती, पळत होती! कार्ड दाखवलं की नाव, पुस्तक दाखवलं की नोंद. शिक्केकाकांचे हात रिकामे राहीनात. पुस्तक घे, पुस्तक दे, पुढचा, पुढचा. एका मुलाला दहा सेकंद. "अरे हळू! मला श्वास तरी घेऊ द्या," काका ओरडत होते, आणि त्यांच्या आवाजात तो जुना धाडकन शिक्का ऐकू येत होता. पाऊण तासाच्या आत रांग पायऱ्या चढून आत आली, दालनातून सरकली, आणि काउंटरपाशी एकच मुलगी उरली.

"तिसरा भाग," भिंगरी म्हणाली.

काकांनी तो आधीच बाजूला काढून ठेवला होता. "घे बाई. सोडव त्या कुत्र्याला."

मागे ग्रंथपालबाई फळ्यापाशी गेल्या. डस्टर सापडेना, तेव्हा त्यांनी सूचना पदरानेच पुसली. धाकटीने कुणालाही न सांगता डोळे टिपले.

त्यानंतर धाकटीने मला घड्याळजीकडे नेलं. त्याने पाठ उघडली, फुंकर मारली आणि म्हणाला, "मोडलं काहीच नाही. तेल सुकलंय, इतकंच. अधूनमधून उघडून बघत जा." सतराव्या सेकंदाची ठेच आता जवळजवळ गेली आहे. जवळजवळच, कारण थोडी राहू दे असं भिंगरी म्हणाली.

माझंही तुमच्याकडे तेवढंच मागणं आहे, मित्रांनो. एखादी गोष्ट हळू चालली की लगेच तिला म्हातारी म्हणू नका, आणि कुणा वेंधळ्या मुलावर ढकलूही नका. शेजारी बसा, तुकडे पाडा, मोजा. जुन्या कामांची पाठ अधूनमधून उघडून बघा. एखादी ओळ, एखादा नियम आत थांबलेला दिसला तर त्याला प्रेमाने विचारा, 'बाबा रे, तू अजून कुणासाठी थांबलायस?' ज्याच्यासाठी थांबला होता तो निघून गेला असेल, तर त्यालाही मोकळं करा. आणि चूक आपलीच निघाली तर हसून सांगा. त्याने काम लवकर होतं, हे मी मोजलेलं आहे.

त्या शनिवारचं एक सांगायचं राहिलंच. पुस्तक मिळताच भिंगरी बाहेर धावली आणि पायऱ्यांवर बसून वाचू लागली. जी मुलगी दोन मिनिटं टिकत नाही, ती हलेना. ऊन तिच्या पानावरून खाली उतरलं, पायऱ्यांवर गेलं. धाकटी शेजारी येऊन बसली. ही पायरी मास्तरांच्या मैदानावरची नव्हती, पण मला तीच वाटली.

"काय झालं कुत्र्याचं?" तिने हळूच विचारलं.

"थांब ना, आजी."

"थांबते," धाकटी म्हणाली, आणि खरंच थांबली. किती वेळ, ते कुणालाच ठाऊक नाही. मला थांबवायला दोघीही विसरल्या होत्या, आणि मी भिंगरीच्या गळ्यात, कुणीही न मोजता, मजेत चालत राहिले.